घरचं कॉफी मशीन महागडं, तरी कॉफी बेचव का लागते? आधी टाकीतलं पाणी तपासा

हिंजवडीत कॉफीचं मशीन ही काही नवलाईची गोष्ट नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिन्ही फेजमधल्या ऑफिसांत पॅन्ट्री असते, पॅन्ट्रीत मशीन असतं आणि मशीनसमोर कायम दोन-चार जण कप घेऊन उभे असतात. २०२० साली घरून काम सुरू झालं आणि ही पॅन्ट्री सुटली. पुढे आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस आणि बाकीचे घरी, असा हिशेब सुरू झाला आणि माण, मारुंजी, हिंजवडीतल्या सोसायट्यांमध्ये मिक्सरच्या शेजारी कॉफी मशीनही दिसायला लागलं.

बटण दाबलं की बिया दळून ताजी कॉफी देणारं मशीन आपल्याकडे साधारण तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत मिळतं. इतके पैसे मोजल्यावर कॉफी कॅफेसारखी लागावी ही अपेक्षा गैर नाही. पण घरोघरी तक्रारी मात्र त्याच असतात. पहिले काही दिवस बरी लागली, मग पातळ यायला लागली. कधी आंबट, कधी जळकट. दूध घातलं की कॉफीची चवच लागत नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे, कोमट येते.

यातल्या बहुतेक तक्रारी मशीन न बदलता दूर करता येतात. त्यासाठी मशीन आत काय करतं हे आधी समजून घ्यावं लागेल. आणि हिंजवडीत राहत असाल तर त्याहीआधी नळाला नेमकं कुठलं पाणी येतं ते बघावं लागेल.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

पूर्ण ऑटोमॅटिक मशीनमध्ये वरच्या डब्यात कॉफीच्या भाजलेल्या बिया असतात. बटण दाबलं की ग्राइंडर त्यातल्या साधारण ७ ते ११ ग्रॅम बिया दळतो. ती पूड एका छोट्या कप्प्यात पडते, दट्ट्या ती दाबतो, थोडंसं गरम पाणी सोडून पूड भिजवली जाते आणि मग पंप दाबाने बाकीचं पाणी त्यातून ढकलतो. कॉफी कपात पडते, उरलेल्या चोथ्याची वडी मागच्या डब्यात. घरासाठीचं असं पहिलं मशीन इटलीतल्या साएको कंपनीने १९८५ साली बाजारात आणल्याचं सांगितलं जातं. तत्त्व तेव्हापासून फारसं बदललेलं नाही, स्क्रीन मात्र मोठे झाले.

खोक्यावर ठळक अक्षरांत '१५ बार प्रेशर' लिहिलेलं असतं. तो पंपाचा जास्तीत जास्त जोर असतो. एस्प्रेसोसाठी पुडीवर साधारण ९ बार दाब पुरतो, त्यामुळे १५ ऐवजी १९ बारचं मशीन घेतलं म्हणून कॉफी अधिक चांगली होत नाही.

महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे कॉफीच्या पुडीचं वजन. कॅफेतला माणूस तुमच्या कॅपुचिनोसाठी बहुतेक वेळा १६ ते २० ग्रॅम पूड वापरतो. घरचं मशीन एका वेळी त्याच्या निम्मीच घेतं. तेवढ्या कॉफीवर मोठा मग भरून दूध ओतलं तर ते कॉफीचा वास असलेलं दूधच होणार. मोठा मग हवा असेल तर दोन एस्प्रेसो काढा आणि मग दूध घाला. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

आता चवीकडे येऊ. भाजलेल्या बीचा साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो. बीच्या एकूण वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग कपात उतरला तर कॉफी गोडसर आणि भरीव लागते, असं कॉफीच्या व्यवसायात मानलं जातं. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरला तर कडू आणि तुरट. कारण विरघळण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी आंबटपणा, मग गोडवा आणि शेवटी कडवटपणा बाहेर येतो.

हे घरी पडताळून बघता येतं. तीन छोटे कप घ्या. कॉफी पडायला लागली की पहिले काही सेकंद पहिला कप, मग दुसरा आणि शेवटी तिसरा कप धारेखाली धरा. तिन्हींची चव घ्या. पहिला दाट आणि आंबट लागेल, शेवटचा पातळ आणि कडवट. एकदा ही ओळख पटली की आपल्या कॉफीत काय कमी आणि काय जास्त आहे ते जिभेलाच कळतं.

हिंजवडीत कॉफीच्या आधी पाणी

कपातल्या काळ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, एस्प्रेसोतही ९० टक्क्यांच्या आसपास. तरीही बियांवर हजार रुपये खर्च करणारा माणूस पाण्याचा विचार करत नाही.

हिंजवडी परिसरातल्या सोसायट्यांचं पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही. एमआयडीसीचं किंवा ग्रामपंचायतीचं पाणी, सोसायटीची बोअर आणि टँकर, हे सगळं एकाच टाकीत एकत्र होतं. उन्हाळा वाढला की टँकरचा वाटा वाढतो. पश्चिम घाटातल्या पावसाने भरलेल्या धरणांचं पाणी तसं हलकं असतं. बोअरचं पाणी मात्र दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून मुरत आलेलं असतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणायचे, घरात आपण जड पाणी म्हणतो. साबणाला फेस येत नाही, बाथरूमच्या नळावर पांढरे डाग पडतात, गिझरची कॉइल दोन वर्षांत जाते. जे गिझरच्या कॉइलचं होतं तेच कॉफी मशीनच्या हीटरचं होतं, फक्त कॉफी मशीनच्या नळ्या कितीतरी बारीक असतात.

जड पाणी कॉफीचं दोन बाजूंनी नुकसान करतं. एक म्हणजे चव. पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतात. मग बिया कितीही चांगल्या असोत, कॉफी सपाट आणि खडूसारखी लागते. दुसरं म्हणजे हीटरवर आणि नळ्यांत क्षाराचा थर बसतो. पाणी नीट तापत नाही, प्रवाह मंदावतो आणि पहिल्या महिन्यात छान लागणारी कॉफी सहाव्या महिन्यात बेचव होते. मालकाला वाटतं बियांचं पाकीट खराब निघालं.

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यासाठी नियमात बसणारं पाणीसुद्धा मशीनसाठी फार जड असू शकतं. कॉफीसाठी स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची शिफारस वेगळी आहे. पाण्याचा टीडीएस १५० च्या आसपास असावा, ७५ ते २५० च्या दरम्यान चालेल, सामू ७ च्या जवळ असावा आणि क्लोरिनचा वास नसावा.

मग आरओचं पाणी वापरलं की झालं? तिथेही एक अडचण आहे. घरच्या आरओमधून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस अनेकदा ५० किंवा त्याहून खाली असतो. त्यात मशीनला धोका कमी, पण कॉफी पांचट लागते, कारण बियांमधली चव ओढून काढायला पाण्यात थोडं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतं. वीस लिटरच्या जारच्या पाण्याची गतही बहुतेक वेळा हीच असते.

उपाय सोपा आहे, त्याला दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणि थोडं गणित लागतं. समजा, नळाच्या पाण्याचा टीडीएस ६०० आहे आणि आरओचा ५०. चार भाग आरओ आणि एक भाग नळाचं पाणी एकत्र केलं तर (४ × ५० + ६००) भागिले ५, म्हणजे १६० टीडीएसचं पाणी मिळतं. हे मिसळायचं पाणी उकळून गार केलेलं आणि गाळलेलं असावं, थेट टँकरचं नको. उकळल्यावर काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात, म्हणून मोजणी उकळल्यानंतर करा. अनेक आरओ यंत्रांवर टीडीएस कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू किंवा नॉब असतो. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला तो १००-१५० वर आणून द्यायला सांगितलं तर मिसळामिसळीची गरजही पडत नाही.

हिंजवडीतल्या अनेक टॉवरमध्ये सोसायटीचा सॉफ्टनर प्लांट असतो. इथे टीडीएस मीटर फसवतो. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. त्यामुळे पाणी मऊ झालं तरी मीटरवरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो. अशा पाण्याने मशीनमध्ये थर कमी बसतो, पण बायकार्बोनेट तसेच राहिल्याने चव सपाटच राहते. म्हणून टीडीएस आणि काठिण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवावं. काठिण्य मोजायची कागदी पट्टी बऱ्याच मशीनच्या खोक्यातच येते. ती पाण्यात बुडवायची, रंग बघायचा आणि तो आकडा मशीनच्या सेटिंगमध्ये भरायचा. बहुतेक घरांत ही पट्टी हमीपत्रासोबत ड्रॉवरमध्ये पडून असते!

ही सेटिंग का महत्त्वाची? कारण मशीनला आत किती थर साचला ते दिसत नाही. पाणी किती जड आहे असं तुम्ही सांगितलं आणि किती पाणी वापरलं गेलं, यावरून ते अंदाज बांधतं आणि क्षार काढायचा दिवा लावतं. टँकरचं पाणी भरून सेटिंग 'मऊ' वर ठेवली तर दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत क्षारामुळे झालेला बिघाड बसतही नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

दिवा लागला की त्याच आठवड्यात क्षार काढून टाका. कंपनीचं द्रावण महाग वाटतं म्हणून काही जण व्हिनेगर ओततात. ते टाळा. त्याचा वास आठवडाभर जात नाही आणि रबरी वॉशरना ते मानवत नाही. लिंबाच्या फुलांचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा उपाय पातेल्यांसाठी चांगला, पण गरम मशीनमध्ये त्यातून कॅल्शियम सायट्रेटचा साका तयार होऊन नळी तुंबू शकते. माहितीपुस्तिकेत सांगितलेलं द्रावण वापरणं शेवटी स्वस्त पडतं.

बिया: तेलकट नकोत, जुन्या नकोत, चिकोरी तर नकोच

मराठी घरातली कॉफी म्हणजे बहुतेक वेळा इन्स्टंट, नाहीतर फिल्टर कॉफीची पूड. दोन्हींत चिकोरी असण्याची शक्यता मोठी. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते आणि तसं पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी पाण्यात चिकट होते. दक्षिणेच्या पितळी फिल्टरमध्ये ती खपून जाते, दाबावर चालणाऱ्या मशीनमध्ये मात्र जाळी तुंबवते. मशीनवर पूड घालायचा वेगळा कप्पा असतो, त्यात फक्त शुद्ध दळलेली कॉफी घालायची, तीही एक चमचा. इन्स्टंट कॉफी त्यात कधीच घालू नका, ती आतच विरघळून गोंदासारखी चिकटते.

बिया घेताना पाकिटावर 'बेस्ट बिफोर' नाही, भाजल्याची तारीख बघा. भाजल्यापासून आठवडाभराने महिनाभरापर्यंतच्या बिया उत्तम. सुपरमार्केटच्या शेल्फवर सहा-सहा महिने पडलेलं परदेशी पाकीट देखणं असतं, पण आतला सुगंध कधीच उडालेला असतो. त्यापेक्षा आपल्याकडचे रोस्टर बरे. मुंबईचं सबको, नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन, दिल्लीचं ब्लू टोकाई, असे अनेक जण तारीख छापून घरपोच पाठवतात.

दुसरी काळजी रंगाची. काळ्याकुट्ट, तेलाने चकाकणाऱ्या बिया दिसायला जोरदार असतात, पण ते तेल ग्राइंडरला आणि डब्याला चिकटतं. बिया खाली सरकत नाहीत आणि मशीन डबा भरलेला असतानाही 'बिया संपल्या' म्हणतं. तेच साखरेचं किंवा कॅरमेलचं कोटिंग असलेल्या बियांचं. मध्यम भाजणीच्या, तपकिरी, कोरड्या दिसणाऱ्या बिया घ्या. फार हलक्या भाजलेल्या बियांतली चव काढायला घरगुती मशीन कमी पडतं, कॉफी आंबट लागते.

जात कोणती? भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा आणि बाकी अरेबिका असते. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी की सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या. २०१९ साली बाबाबुदनगिरी, चिकमगळूर आणि कूर्गच्या अरेबिकाला, वायनाडच्या रोबस्टाला आणि अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचंच नाव पुढे येतं. दूध घालून पिणाऱ्या घराने नुसती अरेबिका घेण्याचा हट्ट धरू नये. २०-३० टक्के रोबस्टा मिसळलेली कॉफी दुधातही टिकते, वर फेसही चांगला येतो. आंबटपणा अजिबात आवडत नसेल तर पावसाळी वाऱ्यावर मुरवलेली मॉन्सून्ड मलबार घेऊन बघा. तिचा आंबटपणा कमी आणि अंग भरीव असतं.

पावसाळ्यावरून आठवलं. मुळशीच्या बाजूचा पाऊस हवा दमट करून टाकतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बियांचा डबा काठोकाठ भरून ठेवू नका. दोन दिवसांपुरत्या घाला, बाकीच्या हवाबंद डब्यात ठेवा. रोज उघडायचा डबा फ्रिजमध्येही नको, बाहेर काढला की बियांवर दव जमतं.

दळण बारीक की भरड?

मशीन कारखान्यातून मधल्या किंवा भरड दळणावर येतं, कारण कंपनीला ते तुंबायला नको असतं. कॉफीला मात्र बहुतेक वेळा थोडं बारीक दळण मानवतं. कॉफी पटकन पडते, पातळ आणि आंबट लागते, चोथ्याची वडी बनत नाही, ओला चिखल होतो, अशी लक्षणं असतील तर नॉब एक घर बारीककडे फिरवा. उलट, थेंबथेंब पडते आणि जिभेवर तुरट कडवटपणा रेंगाळतो, तेव्हा एक घर भरडकडे.

नॉब ग्राइंडर फिरत असतानाच फिरवायचा, बंद असताना जोर लावला तर पाती अडकतात. आणि फरक लगेच कळत नाही. आधीच्या दळणाची पूड आत शिल्लक असते, म्हणून दोन-तीन कप झाल्यावरच निकाल द्या. इथे लोकांची घाई नडते. पहिला कप आवडला नाही म्हणून दळण, तापमान आणि प्रमाण तिन्ही एकदम बदलतात आणि मग चव कशामुळे बिघडली तेच कळत नाही.

तापमानाचं सेटिंग असेल तर बहुतेक घरांसाठी सर्वांत वरचं चालतं. कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी हवं असतं. हिंजवडी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. हाताने कॉफी ओतणाऱ्यांनी तर उकळलेलं पाणी गार होण्याची फार वाट बघायचीही गरज नाही.

यानंतर उरतं मोठ्या कपाचं बटण. 'लाँग कॉफी' किंवा 'लुंगो' दाबलं की काही मशीन तेवढ्याच पुडीतून दुप्पट-तिप्पट पाणी ढकलतात. तीन कपांच्या प्रयोगातला तो तिसरा कडू कप आठवा, हे बटण तोच लांबवत राहतं. त्याऐवजी एस्प्रेसो ३५-४० मिलिलिटरवर थांबवा आणि गरम पाणी वेगळं घाला. बऱ्याच मशीनमध्ये एस्प्रेसोचं बटण दाबून धरलं की हवं तिथे थांबवून ते प्रमाण कायमचं साठवता येतं. ही एक मिनिटाची गोष्ट आहे, पण कंपनीने ठरवलेलं प्रमाण वर्षानुवर्षं तसंच ठेवणारे कमी नाहीत.

'कॉफी कोमट येते हो!'

घरात सासू-सासरे किंवा आई-बाबा आले की ही तक्रार हमखास येते. उकळता चहा पिणाऱ्या जिभेला मशीनची दूध-कॉफी थंडच वाटते. पण मशीनमध्ये बिघाड नसतो. दुधाला फेस आणण्यासाठी ते ६०-६५ अंशांपर्यंतच तापवतात. तिथे दूध सर्वांत गोड लागतं, ७० च्या वर गेलं की फेस मोडतो आणि उकळल्या दुधाचा वास येतो. चहा मात्र आपण गॅसवरून थेट कपात ओततो.

मधला मार्ग म्हणजे कप तापवणं. जाड चिनीमातीचा गार कप कॉफीची कितीतरी ऊब स्वतःच पिऊन टाकतो. मशीन सुरू झाल्यावर नळ्या धुण्यासाठी जे गरम पाणी सोडतं, ते कपात धरा, मिनिटभर ठेवा आणि ओतून द्या. दिवसाची पहिली कॉफी असेल तर हे दोनदा करा, कारण मशीनचे आतले भागही तेव्हा गार असतात. तरीही भागलं नाही, तर ज्येष्ठांसाठी दूध सरळ पातेल्यात गरम करा आणि वरून एस्प्रेसो ओता. फेस नसेल, पण कुणी नाराज होणार नाही.

फेसाचं दूध फ्रिजमधून थेट काढलेलं हवं. फेस टिकतो तो प्रथिनांमुळे, दाटपणा येतो तो स्निग्धांशामुळे. ३ टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाचा फेस भरपूर पण हलका, ६ टक्क्यांच्या फुल क्रीमचा कमी पण मखमली. आपल्याकडे पिशवीतलं दूधही तापवून ठेवायची सवय असते आणि त्यावर साय धरते. ती बारीक नळीत गेली की फेस येणं बंद. तापवलेलं दूध वापरायचं तर गाळून घ्या. दुधाच्या भांड्यात साखर, वेलची, जायफळ असलं काहीही घालू नका.

जायफळाचं काय मग? मराठी घरात कॉफी म्हटलं की जायफळ आलंच, आणि ते मशीनच्या कॉफीतही छान लागतं. कप भरल्यावर वरून किसणीवर दोनदा फिरवा, बस.

वीज, चोथा आणि सुट्टी

अशी मशीन साधारण १४५० ते १५०० वॅटची असतात, म्हणजे सहा अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह ओढतात. त्यामुळे मोबाइल चार्जरच्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डला न लावता जाड पिनेच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायचा प्रयत्न करू नका.

बियांऐवजी कॅप्सूलचं मशीन असेल तर दळणाचा प्रश्नच नाही, पाण्याविषयी वर लिहिलेलं सगळं मात्र लागू होतं. काचेच्या जगमध्ये थेंबथेंब कॉफी पाडणाऱ्या ड्रिप मशीनला लिटरमागे ५५ ते ६० ग्रॅम पूड घाला, कागदी फिल्टर आधी गरम पाण्याने धुवून घ्या आणि जग गरम प्लेटवर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, कॉफी जळकट होते.

रोजच्या स्वच्छतेत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चोथ्याचा डबा. तो गरम, ओला आणि अंधारात असतो, म्हणजे बुरशीला आणखी काय हवं? पावसाळ्यात तो रोज रिकामा करा, मशीन सांगेपर्यंत थांबू नका. दुधाची नळी आणि भांडं दर वेळी धुवावं लागतं, फ्रिजमध्ये तसंच ठेवून दिलेलं दूध नळीच्या टोकाला दह्यासारखं बसतं. पूड दाबणारा कप्पा बाहेर निघत असेल तर आठवड्यातून एकदा नळाखाली धरा. साबण नको, डिशवॉशर तर नकोच, त्याचं ग्रीस निघून जातं. तो बाहेर न निघणाऱ्या मशीनसाठी, उदाहरणार्थ जुराच्या, कंपनीची सफाईची गोळी असते. चोथ्याचा डबा झाडांना चांगला, पण कुंडीत जाड थर देऊ नका, पाणी मुरत नाही.

गणपतीला किंवा दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल, तर निघण्याआधी पाण्याची टाकी, बियांचा आणि चोथ्याचा डबा, खालचा ट्रे रिकामा करून, पुसून, उघडाच ठेवा आणि मशीनचा प्लग काढा. परत आल्यावर ताजं पाणी भरून एक-दोनदा नुसतं गरम पाणी सोडा आणि पहिला कप ओतून द्या. त्यात ग्राइंडरमध्ये राहिलेली जुनी पूड असते.